पहिल्या लहरीचे तात्या

काशीत दुर्गाघाट-ब्रह्मघाटाच्या मराठी वस्तीत वैदिक सापडतील, याज्ञिक सापडतील, पिढीजात भाडेकरूंशी दावे लढणारे तर हमखास सापडतील. तात्या यांपैकी कशातच नाहीत. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून ते घर मोजतात. टेपने नव्हे, अल्ट्रा-वाइडबँड रेडिओने.

"नॅनोसेकंदात लहर तीस सेंटिमीटर जाते," ते पाहुण्याला चहाआधीच सांगतात. "किती वेळात पोचली ते कळलं की किती लांब ते कळलं." पाहुणा मान डोलावतो, चहा अजून यायचा असतो.

2002 साली अमेरिकेने 3.1 ते 10.6 गिगाहर्ट्झचा पट्टा यासाठी खुला केला, 2019 साली हे तंत्र आयफोनमध्ये आलं. मोकळ्या मैदानात हिशोब वीतभराच्या आत बसतो. तात्या मैदानात राहत नाहीत. वाड्याच्या भिंती दीड हात जाड, चौकावर माकडांसाठी लोखंडी जाळी, माजघरात काकूंच्या लग्नातलं लोखंडी कपाट. विटेतून लहर जवळजवळ निम्म्या वेगाने जाते, म्हणून यंत्राला भिंत दुप्पट जाड भासते. भिंतीतून सरळ आलेला लहरीचा ठोका सर्वांत आधी पोचतो, पण मरगळलेला. कपाटावर आपटून आलेला उशिरा, पण दणदणीत. ठोकाच इतका आखूड की दोन्ही सुटे दिसतात.

"दणदणीत त्याला मानायचं नाही. पहिला तो खरा!" काकूंनी जेवायला तिसऱ्यांदा हाक मारली की तात्या म्हणतात, "हा प्रतिध्वनी. मूळ हाक मघाशीच नोंदवली."

1895 साली जगदीशचंद्र बोसांनी कोलकात्यात रेडिओ लहरींनी भिंतींपलीकडे घंटा वाजवली होती, हे ते काकूंना वारंवार ऐकवतात.

"त्यांची वाजली तरी," काकू म्हणतात.

परवा चष्मा हरवला. त्याला रेडिओचा टॅग लावलेलाच होता. यंत्र म्हणालं, सहा मीटर चाळीस. तात्यांनी दोन भिंतींची वजावट केली, काकूंना बाजूला उभं केलं ("माणूस म्हणजे पाण्याचा हंडा, लहर अडते") आणि कोठीची खोली उपसायला घेतली.

"अहो, माकड घेऊन बसलंय वर!"

"शक्य नाही. पहिली लहर कोठीतून येतेय."

काकूंनी गच्चीवर जाऊन मूठभर चणे टाकले. चष्मा जाळीवर पडला. तात्यांनी चौकात येऊन आधी यंत्र पाहिलं, मग वर.

"चार मीटर वीस. बघ, मध्ये भिंत नसली की कसं अचूक येतं!"