रीतसर निर्दयपणा

बागकामाच्या वर्गात नाव घालणाऱ्या माणसाच्या पोटात झाडांबद्दल माया असते, आणि ती माया वेळीच खुडणं हे वर्गाचं पहिलं काम असतं. माहितीपत्रकात तसं कुठं लिहिलेलं नसतं. तिथं ‘उद्यानविद्या, प्रात्यक्षिकांसह’ एवढंच असतं आणि शेजारी एक टपोरा गुलाब छापलेला असतो. पुढे त्या गुलाबाचं काय करायचं आहे ते त्यालाही ठाऊक नसतं.

आमचा वर्ग कृषी महाविद्यालयातला, पण शनिवार-रविवारचा, हौशी लोकांसाठीचा. कोथरूडच्या गच्चीवर जंगल वाढवून बसलेल्या दोन बहिणी होत्या. सासवडकडचा एक तरुण होता, घरची अंजिराची बाग असलेला. वडिलांशी वाद घालायला पुस्तकी मुद्दे हवेत म्हणून तो आला होता, आणि हे तो मोकळेपणानं सांगायचा. बँकेतून निवृत्त झालेले एक काका होते, आयुष्यभर दुसऱ्यांच्या ठेवी सांभाळलेले. आणि मी. माझी इस्टेट म्हणजे गॅलरीतली तुळस, कोरफड आणि मरायला तयार नसलेलं मनीप्लांट.

फळ्यावर शिकवायला सर होते. वाफ्यावर मामांचं राज्य. मामा रोपवाटिकेतले जुने माळी. सरही त्यांना मामाच म्हणत, आणि फळ्यावरचा मुद्दा अडला की खिडकीतून बाहेर कुठं मामा दिसतात का ते बघत.

सुरुवात मातीपासून झाली. सरांनी आदर्श मातीचं चित्र काढलं : निम्मा भाग घन, निम्मी पोकळी, आणि त्या पोकळीत निम्मं पाणी, निम्मी हवा. वहीत हे चित्र सगळ्यांचं सुंदर आलं. मग मामांनी आम्हाला रानात नेलं. पुण्याकडची काळी माती ओली असली की कुदळीला सोडत नाही आणि वाळली की कुदळीला घेत नाही. मधले थोडे दिवस तिला वाफसा येतो, आणि काय करायचं ते तेवढ्यात करायचं. मामांनी चिमूटभर नाही, चांगली मूठभर माती उचलली, मुठीत दाबली, लाडू झाला. तो कमरेच्या उंचीवरून खाली सोडला. फुटला, पण पीठ झाला नाही. चार-सहा ढेकळं झाली. “हा वाफसा,” म्हणाले. आमच्या लाडवांपैकी काही पडून तसेच चपटे बसले, काही वळलेच नाहीत. सरांनी काढलेलं अख्खं चित्र त्या मुठीत होतं, पण टक्केवारी मुठीला कळायला वेळ लागतो.

पाण्याचा विषयही तिथंच निघाला. थोरल्या बहिणीनं विचारलं, झाडाला पाणी किती वेळा घालावं? मामा म्हणाले, “ताई, तहानेनं मेलेली झाडं मी थोडी बघितली. पाण्यानं मेलेली किती सांगू?” मुळांनाही श्वास घ्यावा लागतो, पोकळीतली हवा पाण्यानं हुसकून लावली की ती गुदमरून सडतात, आणि वर पानं मलूल होतात. ती मलूल पानं बघून माणूस आणखी पाणी घालतो. शहरातल्या निम्म्या कुंड्यांचं मृत्यूचं कारण एवढंच असावं. सकाळी नवरा घालतो, दुपारी बाई घालते आणि संध्याकाळी सासूबाई ‘आज कुणी पाणीच घातलं नाही’ म्हणत घालतात.

खरा कस लागला तो विरळणीला. गादी वाफ्यावर आम्हीच झेंडूचं बी पेरलं होतं. तीन मीटर लांब, एक मीटर रुंद, वीतभर उंच असा तो वाफा आम्हीच घाम गाळून केलेला. बी उगवलं. इतकं दाट उगवलं की दोन्ही बहिणींनी फोटो काढून नातेवाइकांना पाठवले. आणि मग मामांनी सांगितलं, ओळीतलं एक ठेवा, शेजारची दोन-तीन काढा. कुणीही हात लावेना. कुठलं ठेवायचं? ज्याचं खोड जाड ते, असं पुस्तक म्हणतं. पण दोन पानांच्या बाळांत जाड कोण आणि बारीक कोण? सासवडच्या मुलानं मिनिटभरात आपली ओळ साफ केली. बहिणी एकेक रोप उपटताना चक्क ‘सॉरी’ म्हणत होत्या. बँकवाले काका मात्र शांतपणे उपटत होते. नंतर लक्षात आलं, उपटलेलं प्रत्येक रोप ते मुळाशी ओली माती चिकटवून शर्टाच्या खिशात ठेवत होते. ठेवीदाराचा पैसा असा वाऱ्यावर सोडायची त्यांना सवय नव्हती. तास संपला तेव्हा पेनाशेजारून हिरवी पानं डोकावत होती. मामांनी बघितलं आणि तोंड फिरवून बिडी काढली.

छाटणीच्या वेळी आमची जीभ चालली, हात चालला नाही. पावसाळा सरला की पुण्याकडे गुलाबाची छाटणी करतात. वाळलेल्या, रोगट, आत वळलेल्या फांद्या मुळापासून काढायच्या आणि राहिलेल्या निरोगी फांद्या निम्म्यावर आणायच्या. बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा शोधायचा, त्याच्या जरा वर सिकेटर लावायची, काप तिरका घ्यायचा, म्हणजे पाणी साचत नाही. हे सगळं तोंडपाठ. पण सिकेटर हातात आल्यावर मी शेंड्याची दोन पानं काढून पुढच्या झाडाकडे वळले. मामा म्हणाले, “ताई, हे तर लग्नाला निघालेल्या माणसाचे केस बारीक केल्यासारखं झालं.” मग त्यांनी स्वतः कापलं, आणि जे उरलं त्याला झुडूप म्हणणं धाडसाचं होतं. काट्यांच्या चार-पाच काठ्या. धाकटी बहीण तर बघवत नाही म्हणून चहाला गेली.

कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावायची असते. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. हेच शंभर लिटर पाण्यात केलं की फवारायचं एक टक्का मिश्रण होतं. मोरचूद लोखंडी भांड्यात भिजवायचा नाही. तयार मिश्रणात लोखंडी चाकू बुडवून बघायचा, पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला. या निळ्या रंगामागची गोष्ट मला अख्ख्या अभ्यासक्रमात सगळ्यात आवडली. फ्रान्समध्ये बोर्दोजवळ रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर शेतकरी मोरचूद आणि चुना शिंपडत, ते औषध म्हणून नव्हे. येणाऱ्या-जाणाऱ्यानं घड तोडून खाऊ नयेत म्हणून. 1882 मध्ये मिलार्डे नावाच्या प्राध्यापकाच्या ध्यानात आलं की केवडा रोगानं बाकी मळा होरपळला तरी या चोरांसाठी माखलेल्या वेली टवटवीत आहेत. 1885 मध्ये त्यानं मिश्रणाची कृती जाहीर केली. म्हणजे सव्वाशेहून अधिक वर्षं जगभरच्या बागा वाचवणारं औषध शेजाऱ्यावरच्या संशयातून निघालं. आमच्या सोसायटीत इतका संशय आहे, पण त्यातून अजून काही निघालेलं नाही.

आणि मग ताण. आमच्याकडच्या हवामानात डाळिंब, संत्रं, मोसंबी यांना वर्षातून एकाहून जास्त वेळा फुलावंसं वाटतं : आंबे बहार, मृग बहार, हस्त बहार. झाडाच्या मनावर सोडलं तर ते तिन्ही वेळा थोडं थोडं फुलतं आणि धड एकही पीक हाती लागत नाही. म्हणून बागायतदार एक बहार निवडतो आणि त्याआधी झाडाचं पाणी तोडतो. हलक्या जमिनीत महिनाभर, भारी जमिनीत जास्त. पानं पिवळी पडतात, गळतात, झाड अगदी केविलवाणं दिसतं. मग हलकी छाटणी, खत, आणि पाणी. आणि ते फुलांनी लगडतं. सर सांगत होते तेव्हा दोघी बहिणी आपसांत कुजबुजत होत्या. सासवडच्या मुलाला मात्र इथं प्रथमच बोलायला स्फुरण चढलं. अंजिराला खट्टा आणि मिठा असे दोन बहार, खट्टा पावसाळ्यात येतो, मिठा उन्हाळ्यात, आणि गोडी मिठ्याची. वडील ताण लवकर मोडतात, हाच तर वाद होता. सर म्हणाले, “तुझे वडील झाडाकडे बघून मोडतात की तारखेकडे?” तो म्हणाला, “झाडाकडे.” सर म्हणाले, “मग वाद घालू नकोस.” फीचे पैसे वाया गेल्यासारखा त्याचा चेहरा झाला.

आंब्याचं कोय कलम हे त्यातल्या त्यात हळुवार काम, तरी सुरुवात गळा कापण्यापासूनच. कोय रुजून पंधरवडाही झालेला नसतो, पानं अजून तांबूस असतात, तेवढ्यात त्या बाळाचा शेंडा उडवायचा. देठात मधोमध दोन इंच चीर. हापूसच्या काडीची पानं आठ-दहा दिवस आधीच काढलेली, तिचा डोळा फुगलेला. तिला दोन्ही बाजूंनी तासून पाचर करायची आणि चिरेत बसवायची. मामा चाकू हलवत नसत. चाकू अंगठ्याशी स्थिर आणि काडी मागे ओढत. एका ओढीत काप आरशासारखा सपाट. आमचे काप पायऱ्यापायऱ्यांचे. साल सालीला भिडली पाहिजे, मग प्लास्टिकची पट्टी खालून वर घट्ट गुंडाळायची आणि वर टोपी म्हणून पेप्सीकोल्याची रिकामी नळी. ती धुऊन घ्यायची, नाहीतर मुंग्या येतात. दोन-तीन आठवड्यांत डोळा हिरवा झाला तर जिंकलात. कोकणातल्या दमट पावसाळी हवेत हे कलम सहज साधतं. आमच्याकडे सावलीच्या जाळीत ठेवून त्याची मनधरणी करावी लागते.

परीक्षा तोंडी होती. परीक्षक बाहेरून आले होते. टेबलावर बिया, खतं, अवजारं मांडलेली, ओळखा. थोरल्या बहिणीनं निंबोळी पेंड दुरून वासावर ओळखली. मला विचारलं, गुलाब किती ठेवायचा? मी हात गुडघ्याच्या किंचित वर धरून दाखवला. त्यांनी मान डोलावली.

बँकवाल्या काकांना विरळणी विचारली. अंतर, कारण, वेळ, सगळं त्यांनी व्याजाच्या दरासारखं अचूक सांगितलं. “आणि काढलेल्या रोपांचं काय करायचं?”

“कंपोस्टच्या खड्ड्यात, सर.”

पूर्ण गुण. नंतर फाटकाबाहेर त्यांनी स्कूटरच्या डिकीतून कागदी कप काढले. प्रत्येक कपात कळीला आलेला झेंडू. एकेक आम्हाला, एक मामांना, आणि एक परीक्षकांच्या ड्रायव्हरला, गाडीत हलणार नाही असा, बाटलीच्या खाचेत बसवून.