बाप्पा, यंदा तुम्हीच समजून घ्या

पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली की कोल्हापुरात दोन गोष्टी पाठोपाठ घडतात. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत आणि बापट कॅम्पात मूर्ती उंचावर हलवायची धांदल उडते. आणि जिथे पाणी पोचायची सुतराम शक्यता नाही अशा दिवाणखान्यांत ‘यंदा गणेशोत्सव करणं शोभतं का’ यावर चिंतन सुरू होतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फूट ओलांडले, दोन्ही जिल्ह्यांत मिळून चार लाखांहून जास्त माणसं घराबाहेर काढावी लागली. चतुर्थी होती २ सप्टेंबरला, म्हणजे चिंतनाला भरपूर सवड होती. निष्कर्ष मात्र ठरलेला असतो: उत्सव रद्द करावा, पैसा पूरग्रस्तांना द्यावा. ऐकायला इतकं सात्त्विक, की ‘पण’ म्हणणारा तिथल्या तिथे निर्दय ठरतो.

तरी ‘पण’ म्हणायला हवं, कारण या त्यागाचं बिल कुणाच्या नावाने फाटतं हे कुणी पाहत नाही. उत्सव म्हटलं की डोळ्यांपुढे डॉल्बीची भिंत येते. त्या भिंतीमागे मूर्तिकार असतो, मांडववाला असतो, हलगीवाला, फुलवाली, बत्ताशांची गाडी लावणारा असतो. त्यातला कुंभार तर पुरात आधीच बुडालेला. उसनवारी करून शाडू, प्लास्टर, रंग भरलेले. त्यातला काही माल पाण्याने नेला, वाचलेला आता आपण संवेदनशीलतेने बुडवायचा. त्याचं गिऱ्हाईक तोडायचं आणि मग त्यालाच मदतीचं पाकीट द्यायचं. पाकिटांवर २०१९ मध्ये मुख्यमंत्र्यांचे आणि स्थानिक आमदारांचे फोटो चिकटवलेले निघाले, म्हणजे प्रतिष्ठापना तेवढी वेळेत झाली होती. शिवाय तेव्हाचा सरकारी आदेश असा, की घर दोन दिवसांहून जास्त पाण्यात राहिलं तरच दहा किलो गहू आणि दहा किलो तांदूळ फुकट. दीड दिवसाचा गणपती शास्त्राला चालतो. दीड दिवसाचा पूर शासनाला चालला नाही.

एक आक्षेप मात्र खरोखर वजनदार आहे. घरात मयत झालं तर सण करत नाहीत. २०१९ च्या त्याच पुरात सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला बचावाची बोट उलटून माणसं बुडाली, तिथून काही कोसांवर आरास कशी करायची? पण सुतक ज्याचं त्याने पाळायचं असतं. चिखल उपसलेल्या घरात गणपती आणायचा की नाही, ते त्या घराने आणि त्या गावाने ठरवावं. ब्रह्मनाळने यंदा काही नको म्हटलं तर तिथे जाऊन ताशा वाजवणाऱ्याला लाज हवी. मुंबई-पुण्याच्या सोफ्यावरून कुंभार गल्लीला परस्पर सुतक लावायचा अधिकार मात्र कोणत्याही धर्मशास्त्रात सापडणार नाही. सरकारी सुतकही पाहून झालंय: केरळने २०१८ च्या महापुरानंतर सरकारी ओणम रद्द केला आणि मग वर्षभर सगळे सरकारी सोहळे बंद, असाही आदेश काढला. तो फार टिकला नाही. शालेय कलोत्सव त्याच डिसेंबरात, पुराचा मार खाल्लेल्या आलप्पुळातच, काटकसरीने झाला, कारण त्यावर पोरांचे ग्रेस मार्क अवलंबून होते. गुणपत्रिका असली की दुःखाला मर्यादा घालता येते!

पैशाचा मुद्दा उरतो. खर्च कापून मदत जरूर द्यावी. २०१९ मध्ये अनेक मंडळांनी ती दिलीही. त्यासाठी मंडळच गुंडाळा म्हणणाऱ्यांनी एवढं आठवावं, की शिरोलीपाशी महामार्ग पाण्याखाली जाऊन पुणे-बंगळुरू वाहतूक कित्येक दिवस ठप्प होती, तेव्हा बाहेरची मदत पोचेपर्यंत पेठांतल्या तालमींची आणि मंडळांचीच पोरं माणसं काढत होती, भात शिजवत होती. कोणत्या गल्लीत एकटी आजी राहते, कुठला जिना अरुंद आहे, हे आपत्ती व्यवस्थापनाच्या आराखड्यात नसतं. दरवर्षी वर्गणीसाठी दारोदार फिरणाऱ्याला पाठ असतं. अर्थात हीच पोरं पुढच्या महिन्यात डॉल्बीसाठी पोलिसांशी हुज्जत घालतात. डॉल्बी बंद करा. त्यासाठी पुराची वाट पाहायची गरज नाही.

आणि काही थांबवायचंच असेल तर यादी मोठी आहे. २०१९ च्या त्याच ऑगस्टमध्ये सत्ताधाऱ्यांची महाजनादेश यात्रा आणि राष्ट्रवादीची शिवस्वराज्य यात्रा पुरामुळे थांबल्या, आणि महिना संपायच्या आत दोन्ही पुन्हा निघाल्या. २१ ऑक्टोबरला मतदानही वेळेवर झालं. या मिरवणुका शोभतात का, असं कुणी कुणाला विचारलं नाही. या पुराची कारणं तपासणाऱ्या वडनेरे समितीने २०२० च्या अहवालात पूरपट्ट्यातल्या बांधकामांवर आणि अतिक्रमणांवर बोट ठेवलं. पुढच्याच वर्षी जुलैत पंचगंगा ५६ फुटांवर गेली. तेव्हा बाप्पाला सवलत देऊन आधी निळ्या पूररेषेच्या आतले बांधकाम परवाने वर्षभर रद्द करून पाहावेत. तसं नुसतं सुचवलं तरी पालिकेच्या सभेत हमखास कुणीतरी उठतो आणि गहिवरून विचारतो, की मग गवंड्याने, सुताराने, हातावर पोट असलेल्या मजुराने खायचं काय?