कल्हई उडालेला मोबाइल

वरठीला पहिल्यांदा येणाऱ्या पाहुण्याला आधी फसवते ती स्टेशनची पाटी. पाटीवर मोठ्या अक्षरांत 'भंडारा रोड'. पाहुणा पिशवी सांभाळत उतरतो, बाहेर येऊन भंडारा शोधू लागतो. मग एखादा ऑटोवाला त्याची समजूत काढतो, ''भंडारा अजून दहाएक किलोमीटर हाये जी. हे वरठी होय.'' नाव जोडलेलं आहे, गाव जोडून घ्यायचं भाडं वेगळं.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या मोबाइलनंही हाच खेळ मांडला. वाय-फायचं चिन्ह जागच्या जागी होतं. त्यावर बोट ठेवलं की 'चालू करत आहे' अशी अक्षरं उमटायची, क्षणभर आशा लावायची आणि चिन्ह पुन्हा काळवंडायचं. तहसील कचेरीत 'साहेब येतच आहेत' असं ऐकत ज्यांनी दुपार काढली आहे, त्यांना ही अवस्था अधिक समजावून सांगायला नको.

आमच्या गावात सनफ्लॅगचा पोलादाचा कारखाना आहे. त्यामुळे यंत्र बिघडलं की मत द्यायला माणूस शोधत फिरावं लागत नाही, मतच घरी चालत येतं. पहिलं मत शेजाऱ्यांचं आलं. ''बंद करून चालू करा जी.'' पंप, पंखा, टीव्ही आणि जावई या सगळ्यांवर त्यांचा हाच एक उपाय आहे. मी दिवसातून अकरा वेळा फोन बंद करून चालू केला. फोन रुसलेलाच राहिला, मला मात्र उठबशा काढल्यासारखं वाटायला लागलं.

दुसरं मत पुतण्याचं. ''नेटवर्क सेटिंग रीसेट मारा, काका.'' मारली. वाय-फाय सुरू झालं नाही ते नाहीच, वर फोन आजवर जमवलेले सगळे पासवर्ड विसरला. पाय मुरगळला म्हणून दवाखान्यात गेलेला माणूस स्मृती गमावून परत यावा, तसं झालं.

तिसरा सल्ला आला, सॉफ्टवेअर अपडेट करा. केलं असतं. पण फोन म्हणाला, अपडेट मोठं आहे, वाय-फायला जोडा. चौथ्यानं शेवटचं अस्त्र काढलं, फॅक्टरी रीसेट. म्हणजे फोन पुसून कोरा करायचा. त्याआधी नातीच्या बारशाचे फोटो कुठंतरी सुरक्षित ठेवायला हवेत म्हणून गूगल फोटो उघडलं, तर तिथं 'वाय-फायची वाट पाहत आहे' असं लिहिलेलं. वाय-फायच्या आजारावरची प्रत्येक गोळी वाय-फायच्याच पाण्याबरोबर घ्यायची होती. विहिरीत पडलेल्याला दोर द्यायला सगळे तयार, फक्त दोर विहिरीतून काढून आणायचा.

मधल्या काळात पुतण्यानं मोबाइलवर एक चित्रफीत पाहिली (त्याच्या मोबाइलवर, कारण माझ्यावर पाहायची सोय नव्हती). फोन फ्रीजरमध्ये ठेवायचा, म्हणे. ठेवला. हिनं बर्फाला दार उघडलं आणि विचारलं, ''अहो, याची पण आता भाजी करायची आहे का?'' वीस मिनिटांनी काढला तेव्हा वाय-फाय खरंच चार मिनिटं लागलं. मग काचेवर दव धरलं आणि सगळंच थंड झालं. दुसरी चित्रफीत हेअर ड्रायरचा शेक द्यायला सांगत होती. त्यासाठी ड्रायर कशाला लागतो? भंडारा जिल्ह्यातल्या मे महिन्यात फोन ओट्यावर ठेवला तरी पुरे.

शेवटी स्टेशनजवळच्या मोबाइलच्या टपरीवर गेलो. टपरीतल्या पोरानं फोन हातात घेतला नाही, आधी प्रश्न विचारला.

''ब्लूटूथ लागते का जी?''

''नाही रे. त्याच दिवसापासून तेही बंद.''

''मंग सॉफ्टवेअर नाई. आयसी गेली.''

चार जणांच्या चार मतांपुढे त्या पोराचा एक प्रश्न भारी पडला. आयसी म्हणजे चिप. बहुतेक फोनांत वाय-फाय आणि ब्लूटूथ यांचा संसार एकाच चिपमध्ये असतो. दोघंही 2.4 गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात वावरतात. एक बंद पडलं तर कारण काहीही असू शकतं, दोघं एकाच दिवशी गेले तर घरच पडलं असं समजायचं. मग त्यानं सेटिंगच्या तळाशी, 'फोनबद्दल' या खोलीत नेऊन वाय-फायचा मॅक पत्ता दाखवला. जिथं फोनचा स्वतःचा, दुसऱ्या कुणाचा नसलेला क्रमांक असायला हवा, तिथं 02 आणि पुढं नुसती शून्यं. फोनला स्वतःचा पत्ताच ठाऊक नव्हता. रेशन कार्ड, आधार आणि सातबारा यांवर तीन वेगळे पत्ते बाळगणाऱ्या मला त्याच्याबद्दल पहिल्यांदा जिव्हाळा वाटला.

''पण झालं कशानं?''

पोरानं फोन उन्हाकडं धरला. ''गरम होते, थंड होते. एखाद्या वेळेस पडतो. खालचं कथील सुटते.''

कथील! हा शब्द मी चाळीस वर्षांत ऐकला नव्हता. आणि तोही पितळेच्या भांड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या भंडाऱ्याच्या वेशीवर. लहानपणी कल्हईवाला दारात यायचा. भाता लावायचा, निखाऱ्यावर पातेलं तापवायचा, नवसागराची चिमूट टाकायचा, पांढरा धूर उठायचा, आणि कापसाच्या बोळ्यानं कथील फिरवलं की काळं पातेलं चांदीचं व्हायचं. कल्हई उडाली म्हणून पातेलं फेकून द्यायचं, हे आईला कुणी सांगितलं असतं तर तिनं त्यालाच आधी कल्हई केली असती.

मोबाइलमधली चिपही अशीच कथिलाच्या, खसखशीएवढ्या गोळ्यांवर बोर्डाला चिकटून बसते. पूर्वी या जोडकामात शिसंही असायचं. शिसं विषारी, म्हणून युरोपनं जुलै 2006 पासून त्यावर बंदी आणली आणि जगभरचे कारखाने हळूहळू बिनशिशाच्या मिश्रणाकडं वळले. त्यात बहुतांश कथील, चिमूटभर चांदी आणि तांबं. फोन तापला की चिप आणि बोर्ड सारखे फुगत नाहीत, निवला की सारखे आक्रसत नाहीत. रोजच्या या ओढाताणीत एखाद्या गोळीला केसाएवढी चीर जाते. फ्रीजरमध्ये चार मिनिटं वाय-फाय का लागलं, ते आता कळलं: आक्रसताना चिरेची दोन टोकं क्षणभर एकमेकांना शिवली असणार. जुन्या भांडणातले भाऊ मयतीला भेटतात तसं.

''तुला जमेल?''

''आयसी उचलून रीबॉलिंग करावी लागते. गरम हवा मारावी लागते. शेजारचे पुर्जे उडाले तर फोन जाऊ शकते. आधी कंपनीत दाखवून या जी.''

कंपनीत म्हणजे नागपूरला. साठेक किलोमीटर रेल्वेनं गेलो. सेवा केंद्राच्या दारावर एक चौकोनी ठिपक्यांचं चित्र होतं आणि खाली सूचना: ग्राहकांनी आमच्या मोफत वाय-फायला जोडून टोकन घ्यावं. मी काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, बेटा, मी त्याचसाठी आलोय. ती म्हणाली, ''सर, त्यासाठीच आधी टोकन घ्यावं लागेल.''

अर्ध्या तासानं निकाल लागला. चिप एकटी बदलत नाही, अख्खा मदरबोर्ड बदलावा लागेल. खर्च नव्या फोनच्या निम्म्याहून जास्त. वॉरंटी संपून तीन आठवडे झालेले. ''त्यापेक्षा नवा घ्या ना सर, एक्स्चेंज आहे.'' एका गोळीला चीर गेली म्हणून सगळा बोर्ड, आणि बोर्ड महाग म्हणून सगळा फोन. पातेल्याची कल्हई उडाली म्हणून स्वयंपाकघर पाडायचा हा हिशेब आईला ऐकवायला ती आता नाही, हेच बरं.

ग्राहकांचा वाली सरकार आहे, असं मी वर्गात बत्तीस वर्षं शिकवलं. म्हणून 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आठवली. जिल्हा ग्राहक आयोगही आहे, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथं शुल्क नाही. शिवाय 24 डिसेंबर 2022 रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनीच, केंद्र सरकारनं 'राइट टू रिपेअर' म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं संकेतस्थळ सुरू केलं. पुतण्याच्या फोनवर ते उघडलं. कंपन्यांची माहिती, वॉरंटी, सेवा केंद्रं, सगळं तिथं सापडतं. मलाही माझा हक्क सापडला: ज्या काउंटरवरून मी हात हलवत आलो होतो, त्याच काउंटरकडं जाण्याचा रस्ता.

मग पंधरा दिवस बिनतारी फोन तारेवर जगवला. फोटो केबल लावून पुतण्याच्या लॅपटॉपवर उतरवले. राउटरची तार एका छोट्या अडॅप्टरमधून थेट फोनच्या तोंडात खुपसली आणि इंटरनेट चक्क वाहू लागलं. हे अनेक अँड्रॉइड फोनांत जमतं, पण तार पोचेल तितकंच फिरायला मिळतं. खुंट्याला बांधलेल्या शेळीसारखा मी भिंतीभोवती चरू लागलो. ''लँडलाइन परत आली,'' ही म्हणाली.

रात्री स्टेशनवरून हावड्याची गाडी धडधडत गेली की उगाच मनात यायचं, त्याच रुळांच्या टोकाला, कोलकात्यात, 1895 साली जगदीशचंद्र बोस यांनी भिंतीपलीकडे बिनतारी लहरी धाडून घंटा वाजवली होती आणि बारूद उडवली होती. सव्वाशे वर्षांनी, देशातल्या सहा हजारांहून जास्त स्थानकांवर रेल्वेनं वाय-फाय बसवल्यावर, माझा फोन वीतभर अंतरावरच्या इअरफोनपर्यंत एक अभंग पोचवू शकत नव्हता.

सोळाव्या दिवशी टपरी गाठली. ''कर बाबा कल्हई.'' पोरानं फोन उघडला, शेजारचे पुर्जे चमकत्या टेपनं झाकले, गरम हवेचा झोत धरला. बारीक धूर उठला. चिप निघाली, जुनं कथील पुसलं गेलं, नव्या गोळ्या बसल्या. भाता नव्हता एवढाच फरक.

वाय-फाय लागलं. मॅक पत्त्याच्या जागी खरीखुरी अक्षरं आणि आकडे आले. गॅरंटी विचारली तर तो हसला. ''पाडू नका, उन्हात ठेवू नका. येवढीच गॅरंटी जी.''

घरी आल्याआल्याच तुंबलेलं अपडेट सुटलं आणि आपोआप उतरून घेतलं गेलं. काय नवीन, म्हणून वाचलं: 'वाय-फायची स्थिरता सुधारली आहे.' खाली आणखी एक ओळ होती: 'अपडेट पूर्ण करण्यासाठी फोन बंद करून चालू करा.'

शेजारी ओट्यावर बसले होते. त्यांनी वाकून ओळ वाचली आणि माझ्याकडं असं पाहिलं, जणू कंपनी त्यांना विचारूनच चालते. मी 'नंतर' दाबलं. तेव्हापासून रोज सकाळी दाबतो आहे.