अल्पसोडियमवादी गृहस्थ

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकातून विभागीय आयुक्त कार्यालयाकडे मोर्चे निघण्याची परंपरा जुनी असली, तरी चौकाच्या आसपासच्या सदनिकांत अलीकडे एका निराळ्याच चळवळीचा एकांडा कार्यकर्ता आढळू लागला असून त्यास सोयीसाठी ‘अल्पसोडियमवादी गृहस्थ’ म्हणता येईल. हा गृहस्थ बहुधा निवृत्त, रक्तदाबाची पहिली गोळी सुरू होताच नान-खलिया या इथल्या नान-मटणाच्या पदार्थाला जाहीरपणे मुकलेला, आणि परदेशस्थ मुलामुळे सुशीशी, म्हणजे आंबटगोड भात व भाज्या नोरी नावाच्या वाळवलेल्या समुद्रशेवाळाच्या पातळ पत्र्यात अळूवडीच्या उंड्याप्रमाणे गुंडाळून कापण्याच्या जपानी प्रकाराशी, परिचित झालेला असतो.

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला २,००० मिलिग्रॅमहून कमी सोडियम, म्हणजे ५ ग्रॅमहून कमी मीठ, सांगितले आहे आणि सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यातच सुमारे ९०० मिलिग्रॅम सोडियम भरते, हे तो जिन्यात भेटणाऱ्याला हातातली भाजीची पिशवी खाली ठेवण्याचीही उसंत न देता ऐकवतो. त्याच्या सुशीतून सोया सॉस हद्दपार होतो व त्याजागी आमसुलाचे पाणी येते. भातातले मीठ वगळून लिंबू वाढवले जाते. आणि वासाबी या झणझणीत हिरव्या चटणीऐवजी फेसलेली मोहरी वापरली जाते. यांपैकी शेवटचा बदल खरोखर शास्त्रशुद्ध आहे, कारण वासाबी व मोहरी एकाच कुळातल्या असून नाकात जाणारा त्यांचा झणका मुख्यतः एकाच प्रकारच्या गंधकयुक्त द्रव्यांमुळे येतो. परंतु हे मान्य केल्यास व्याख्यान आणखी अर्धा तास लांबते, म्हणून शेजारी ते मान्य करीत नाहीत.

खरा पेच तांदळाचा असतो. जपानी तांदूळ महाग पडतो म्हणून चिकटपणासाठी इंद्रायणी आणला जातो, आणि तो पाणी नितळ निघेपर्यंत धुवावा असा नियम असल्याने, ज्या शहरात नळाचे पाणी काही दिवसांच्या खंडाने येते तेथे हा नियम गृहिणीच्या मर्जीवर अवलंबून राहतो. पहिल्या पाण्याचे पातेले निमूटपणे कढीलिंबाच्या कुंडीत रिकामे होते. दुसऱ्या पाण्याला ‘ड्रमात किती उरलंय ते बघितलंत का?’ असा प्रश्न येतो; तिसरे पाणी बहुधा निघतच नाही, आणि त्यामुळे भाताची पेज होऊन नोरी मऊ पडली की गृहस्थ दोष सुशी गुंडाळायच्या बांबूच्या चटईला देतो, जिला माकिसू म्हणतात हे तो त्याही अवस्थेत सांगण्यास चुकत नाही.

पाहुणे एक वडी तोंडात टाकून बराच वेळ विचारमग्न राहतात व ‘हलकं वाटतं’ असा अभिप्राय देतात. गृहस्थ मात्र प्रत्येक वडीचे सोडियम वहीत दशांशासह मांडतो, आणि मांडता मांडता उडदाचा पापड, जो मीठ व पापडखार या दोन्ही रूपांत सोडियमच बाळगतो, मोडून त्यावर मिरचीच्या ठेच्याचा गोळा ठेवतो. याबद्दल छेडले असता तो शांतपणे सांगतो की वही जेवणाची आहे आणि हे तर तोंडी लावणे आहे.