निवत ठेवलेली उत्तरं

माझा भाचा बाणेरला एका कंपनीत डिझायनर आहे. कपड्यांचा नव्हे, बटणांचा. मोबाइलच्या पडद्यावर 'पुढे' हे बटण डावीकडे असावं की उजवीकडे, यावर विचार करण्याचा त्याला पगार मिळतो. तो माझ्या निवृत्तीच्या वेळच्या पगाराच्या तिप्पट आहे, हे ताईने मला आतापर्यंत चार वेळा सांगितलंय.

दिवाळीनंतर तो आठ दिवस आमच्याकडे राहायला आला आणि तिसऱ्याच दिवशी सकाळी सी-४०२ चे काका डोक्याला साबणाचा फेस घेऊन, टॉवेल गुंडाळून, जिन्यात उभे राहिलेले त्याने पाहिले. टाकी धुवायला काढली होती. तशी सूचना सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आदल्या दिवशी पडली होती, पण तिच्या वर चार गुलाबपुष्पं आणि खाली मेथीदाण्यांचे अकरा फायदे. काका "समोर येऊन सांगायला काय झालं होतं?" असं विचारत होते आणि सेक्रेटरी दुसऱ्या मजल्यावरून "ग्रुप वाचत जा!" असं ओरडत होते.

"मामा, चूक काकांची नाही," भाचा म्हणाला. "डिझाइनची आहे."

तुमची चूक नाही, हे वाक्य आमच्या सोसायटीत स्थापनेपासून कुणी कुणाला म्हणालेलं नव्हतं. काका जिन्यातच सद्गदित झाले. फेस डोळ्यांत गेला असेल, तेही शक्य आहे. पण सोसायटीचं स्वतःचं चर्चापीठ काढायचं, विषयवार धागे ठेवायचे, आणि भाच्याने ते फुकट करून द्यायचं, हा ठराव पुढच्या रविवारी एकमताने मंजूर झाला. 'फुकट' या शब्दानंतर चर्चाच झाली नाही.

मला सल्लागार नेमण्यात आलं, कारण मी या प्रांतात अगदीच नवखा नाही. मायबोली हे मराठी संस्थळ १९९६ पासून आहे. मी तिथे दहा वर्षं उशिरा पोचलो आणि पहिली दोन वर्षं नुसता 'रोमात' होतो. रोमात म्हणजे इटलीत नव्हे. लिहायचं नाही, फक्त वाचायचं, या 'रीड ओन्ली मोड'चं ते आपल्या लोकांनी केलेलं मराठीकरण. मग मिसळपाव आलं, मनोगतावर जाणं झालं, आणि 'पुलेशु' म्हणजे पुढील लेखनास शुभेच्छा, 'प्रकाटाआ' म्हणजे प्रतिसाद काढून टाकला आहे, हे सगळं मुंज झाल्यासारखं शिकलो. प्रकाटाआ दिसलं की त्या जागी मुळात काय होतं याचा शोध घेण्यात अख्खी दुपार जायची. शिल्लक राहिलेल्या प्रतिसादांना तेवढे वाचक कधी मिळाले नाहीत.

भाच्याला यातलं काही नको होतं. त्याला संशोधन करायचं होतं. त्याने आमच्या हॉलच्या भिंतीवर, कालनिर्णयच्या भोवती, पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवल्या आणि 'युजरां'च्या मुलाखती सुरू केल्या. पहिल्या युजर सी-४०२ च्या काकू.

"काकू, तुमचा मुख्य पेन पॉइंट काय आहे?"

"गुडघा," काकू म्हणाल्या. "डावा."

त्याने चिठ्ठीवर 'गुडघा' लिहून ती भिंतीवर लावली. दिवाळीची रांगोळी निघाली तरी ती चिठ्ठी निघाली नाही.

एका संध्याकाळी मी त्याला नियम ऐकवला. जेकब नील्सन या वापरसुलभतेच्या जाणकाराने २००६ साली मांडलेला: अशा ठिकाणी शंभरातले नव्वद नुसते वाचतात, नऊजण अधूनमधून लिहितात, आणि उरलेला एकच माणूस बहुतेक सगळं लिहितो. आमच्या सदनिका शहाण्णव. हिशेब केला तर तो एक टक्का एका माणसापेक्षा किंचित कमी भरतो. "म्हणजे कोण?" भाच्याने विचारलं. वरच्या मजल्यावरून काका फोनवर कुणाला तरी मुद्दा क्रमांक सहा समजावून सांगत होते. मी नुसतं बोट वर केलं.

तेव्हा काकांना डोळ्यांसमोर ठेवूनच सगळं बांधायचं ठरलं. पहिला नमुना फिकट करड्या अक्षरांचा, पांढऱ्याशुभ्र पडद्यावर, फार देखणा. काकांनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, उन्हात नेला आणि विचारलं, "शाई संपत आलीय का?" भाचा खजील झाला. कारण अक्षराच्या आणि पार्श्वभूमीच्या उजेडात निदान साडेचारास एक एवढा फरक हवा, असा वेबचा सर्वमान्य दंडकच आहे आणि तो त्याला पाठ होता. देखणेपणाच्या भरात पाळायचा राहिला. दुसऱ्या नमुन्यात अक्षरं काळीकुट्ट झाली, पण 'पाठवा' आणि 'रद्द करा' शेजारीशेजारी राहिले. काकांचा अंगठा गवंडीकाम केल्यासारखा रुंद. तो दोन्हींवर एकदमच टेकायचा आणि त्यांतलं जे व्हायचं ते काका प्राक्तन म्हणून स्वीकारायचे.

टाइप करणं जमेना म्हणून बोलून लिहायची सोय दिली. आमच्या चर्चापीठावरचा पहिलावहिला संदेश असा उमटला, आणि तो मी जपून ठेवलाय: 'पाण्याच्या टाकीबाबत माझे स्पष्ट मत असे आहे की अगं थांब बोलतोय ना मी नाही उतू जात की समितीने तातडीने गॅस बंद कर गॅस बंद कर सभा बोलवावी'. या संदेशाला सत्तावीस उत्तरं आली. त्यांतली पंचवीस दुधाबद्दल होती.

मराठी संस्थळांवरचा जुना आजार म्हणजे डुआयडी: माणूस एक आणि नावं दोन. एका नावाने लिहायचं, दुसऱ्याने 'अगदी सहमत' म्हणायचं. तो टाळायला भाच्याने नियम केला की एका सदनिकेला एकच खातं आणि सदनिकेचा क्रमांक हेच नाव. झालं उलटंच. नाव एक आणि माणसं दोन. सकाळी सी-४०२ ने लिहिलं की जिमसाठी वर्गणी काढावी. दुपारी सी-४०२ नेच खाली लिहिलं, की आधी घरातला वॉकर कपडे वाळत घालण्यापलीकडे वापरून दाखवावा. संध्याकाळी सी-४०२ ने सी-४०२ ला जाहीर उत्तर दिलं. आम्ही सगळे रोमात.

अंगठ्याच्या चिन्हाचा प्रश्न मी सभेत काढला होता. फेसबुकने २००९ साली पसंतीचं बटण आणलं तेव्हा त्यांच्याकडे मराठी माणूस नसावा. आपल्याकडे अंगठा दाखवला की व्यवहार मोडतो. पण भाच्याने ऐकलं नाही. बी विंगमधल्या आजी गेल्याची बातमी आली आणि तिच्याखाली एकतीस अंगठे उभे राहिले. त्यांच्या सुनेने दहाव्यापर्यंत कुणाशी शब्द काढला नाही. मग अंगठा गेला आणि श्रेणी आल्या. 'ऐसी अक्षरे' या संस्थळावर प्रतिसादाला मार्मिक, रोचक, खवचट अशा श्रेणी देता यायच्या, ती कल्पना मीच सुचवली. खवचट ही शिक्षा आहे असा भाच्याचा समज. पुण्यात वाढूनही पोराला काही कळत नाही. पंधरा दिवसांत लोक बेरजा ठेवू लागले आणि ए-१०१ चे गृहस्थ, ज्यांना नुसतंच 'माहितीपूर्ण' मिळत होतं, ते उघड उघड खंतावले.

माझ्या मते सगळ्यात हुशार सोय होती ती जुन्या प्रश्नांची. आमच्याकडे दर चार दिवसांनी कुणीतरी विचारतंच: चांगल्या प्लंबरचा नंबर आहे का कुणाकडे? भाच्याने असं केलं, की 'प्लं' टाइप करताच खाली जुनी उत्तरं आपोआप यावीत, नंबरासकट. प्रोग्रामर लोकांच्या स्टॅक ओव्हरफ्लोवर अशी सोय आहे म्हणे. प्रश्न लिहीत असतानाच तुमच्याआधी हे कुणी विचारलं होतं ते समोर येतं. भाच्याने काकूंना समोर बसवून चाचणी घेतली. काकूंनी 'प्लं' लिहिलं. नंबर आला. काकूंनी तो पाहिला, आणि 'बर चांगला आहे का कुणाकडे' असं पुढे लिहून प्रश्न पाठवून दिला.

"काकू, नंबर समोर आला होता ना?"

"हो की. माझ्याकडेही आहे तो. सकाळीच येऊन गेला."

"मग विचारलंत कशाला?"

काकूंनी त्याच्याकडे, गणित चुकलेल्या मुलाकडे पाहावं तसं पाहिलं. "अरे, वरच्यांचं बाथरूम आमच्या देवघरात गळतंय. पाचशे दोनला तोंडावर कसं सांगू? हळदीकुंकवाला येते ती माझ्याकडे. प्लंबर विचारला की बरोबर कळतं तिला."

आणि खरंच, अर्ध्या तासाने पाचशे दोनने लिहिलं: 'आमच्याकडेही हवाच आहे प्लंबर, उद्या बोलावतो.' भाचा त्या रात्री जेवला नाही नीट. भिंतीवरच्या 'जलद उत्तर' अशा चिठ्ठ्या काढून तो हातात घेऊन बसला होता.

शुद्धलेखनाची सोय मात्र समितीनेच नाकारली. मनोगतावर शुद्धिचिकित्सक होता, लिहिलेलं तपासून द्यायचा. तसा आपल्याकडेही ठेवू, असं भाच्याचं म्हणणं. चेअरमनसाहेब आडवे आले. नोटीस बोर्डावरची प्रत्येक नोटीस ते लाल पेनाने तपासतात, स्वतःच्या सोडून. "यंत्रानेच चुका काढल्या," ते म्हणाले, "तर माणसांनी एकमेकांशी बोलायचं कशावर?"

बोलणं थांबायचा प्रश्नच नव्हता. पार्किंगच्या धाग्यावर मार्चमध्ये जे पेटलं, त्यात दोन घरांतलं विरजण देणंघेणं बंद झालं. तेव्हा मी भाच्याला पहिल्या चर्चापीठाची गोष्ट सांगितली. १९७८ च्या जानेवारीत शिकागोत मोठं हिमवादळ झालं आणि घरात अडकून पडलेल्या वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी सूस या दोघांनी संगणकावरचा नोटीस बोर्ड रचायला घेतला. फेब्रुवारीत तो सुरू झाला. त्याला फोनची लाइन एकच. एकजण आत असला की दुसऱ्याला एंगेज टोन. "बाबा रे," मी म्हटलं, "एका वेळी एकच माणूस बोलणार! याहून मोठी सोय त्यानंतर निघालेली नाही. आपल्याकडे तेवढी एकच कर."

ती त्याने केली नाही, पण विचारात पडला. जीमेलमध्ये धाडलेलं पत्र तीस सेकंदांपर्यंत मागे घेता येतं, त्यावरून त्याला काहीतरी सुचत होतं. मी म्हटलं, तीस सेकंदांत पुणेकर जेमतेम 'सर्वप्रथम' म्हणतो. शेवटी त्याने असं केलं, की रात्री दहानंतर लिहिलेला, किंवा 'निर्लज्ज', 'लायकी', 'बघून घेईन' यांपैकी काही असलेला संदेश आला, की पडद्यावर दोन बटणं यावीत. एक 'पाठवा'. दुसरं, त्याच्याहून दुप्पट मोठं आणि लांब अंतरावर, 'निवत ठेवा'. निवत ठेवलेलं दुसऱ्याला दिसत नाही. सकाळी उठून पाहा, पाठवावंसं वाटलं तर पाठवा.

या सोयीसारखी सोय झाली नाही. पार्किंगचा धागा आठवड्यात शांत झाला. काका रोज रात्री जेवण झालं की पान लावायला बसावं तसे बसायचे, मन लावून लिहायचे आणि निवत ठेवून झोपायचे. "पाठवायची गरजच नसते हो," ते मला म्हणाले. "लिहिलं की पोट हलकं होतं." त्यांचा रक्तदाब उतरला. मीही अधूनमधून लिहू लागलो. एकूण चौदा. अकरा पार्किंगवर, दोन लिफ्टमध्ये लसूण सोलणाऱ्यांवर आणि एक चेअरमनसाहेबांवर, कारण रंगकामात त्यांनी जिन्याला एकच हात मारून घेतला होता.

भाच्याने मे महिन्यात अ‍ॅपची नवी आवृत्ती काढली. जुन्यातले संदेश नव्यात हलवताना एक खूण उलटी पडली, एवढंच काय ते झालं. रात्री अडीच वाजता, निवत ठेवलेलं सगळं पाठवलं गेलं.

माझा फोन उशाशी गुरगुरला. मग थांबेचना. मी बाल्कनीत आलो तर समोरच्या विंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर दिवा लागला, मग चौथ्यावर, मग तिसऱ्यावर दोन एकदम. काकांचे एकसष्ट होते. त्याच खात्यातून काकूंचे नऊ होते, त्यांतले सात काकांना. पाचशे दोनचा एक होता, हळदीकुंकवाच्या वाणाबद्दल. ए-१०१ च्या गृहस्थांचा तर असा होता, की त्यांना त्या रात्रीतच बारा 'खवचट' मिळाले. साडेतीनपर्यंत कुणी कुणाला उत्तर दिलं नाही. फक्त दिवे चालू होते.

सकाळी दूध आणायला निघालो. लिफ्टमध्ये आधीच चौघे होते आणि चौघेही मजल्यांचे आकडे वाचत होते. तिसऱ्यावर चेअरमनसाहेब आत आले. दार लागलं. ते पिशवीची घडी करत माझ्या शेजारी उभे राहिले. दुसरा मजला गेला. पहिला गेला.

"कद्रू," ते आकड्यांकडे बघत म्हणाले. "दुसरा दीर्घ. तुम्ही ऱ्हस्व काढलात."