चौकशी गुरुजी

पाबळमध्ये कुणाला मिक्सर घ्यायचा असो की फवारणीचा पंप, दुकानात जायच्या आधी माणूस गुरुजींच्या ओट्यावर जातो. जिल्हा परिषदेच्या शाळेतून ते निवृत्त झाले, पण हजेरीपटाची सवय सुटली नाही. लांबड्या वहीत वस्तूंची नावं अनुक्रमांकाने लिहिलेली, पुढे रकाने, रकान्यांत गुण. गाव त्यांना माघारी ‘चौकशी गुरुजी’ म्हणतं, समोर नुसतं गुरुजी. त्यांच्या सल्ल्याने घेतलेली वस्तू सहसा बिघडत नाही, हे त्यांचे टीकाकारही मान्य करतात. अडचण एवढीच की ते स्वतः काही घेत नाहीत.

डिसेंबर २०१६ मध्ये किंडल या ई-रीडरवर मराठी पुस्तकं विकायला आली आणि प्रवासात वाचायला असं एक यंत्र घ्यायचं गुरुजींनी ठरवलं. ते ठरवणं अजून चालू आहे.

प्रवास मात्र खरा आहे. लेक नाशिकला दिलेली, म्हणजे राजगुरुनगरला गाडी बदलून नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर. पुण्याची कामं असतात ती वेगळी, शिक्रापूरला उतरून नगर रस्त्याने. हा रस्ता साधा समजू नका, असं ते बजावतात. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला नगरहून पुण्याला गेली ती याच रस्त्याने. “त्या गाडीतल्या लोकांनी काय वाचलं असेल?” असं विचारून ते आपल्याकडे बघत राहतात. आपण गप्प. मग तेच सांगतात, “काही नाही. तेव्हा वाघोलीत ट्रॅफिक नव्हता.” गुरुजींचं अंतर किलोमीटरमध्ये नसतंच. वाघोली ते खराडी दीड प्रकरण. चाकणचा चौक एक कथा, दिवाळीच्या आठवड्यात अख्खा कथासंग्रह. पासष्टी ओलांडल्यापासून एसटीत अर्धं तिकीट लागतं, त्यामुळे अर्ध्या पैशांत पूर्ण कादंबरी हा हिशेबही वहीत आहे.

मोबाईलवर का वाचत नाही, असं कुणी विचारलं तर उत्तर तयार असतं. “त्यावर वाचायला बसलं की जावयाचा फोन येतो.”

वहीतला पहिला रकाना वजनाचा. त्यासाठी त्यांनी एका भाच्याचं सहा इंची किंडल किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवलं. कव्हर काढून दीडशे ग्रॅमच्या आसपास भरलं. शेजारी ना. सं. इनामदारांची बाजीराव-मस्तानीवरची छापील ‘राऊ’ ठेवली. पाबळ हे मस्तानीचं इनामाचं गाव, तिची समाधीही इथेच, तेव्हा गुरुजींच्या मते या गावात कुठलीही तुलना ‘राऊ’शीच व्हायला हवी. काट्याने कादंबरी जड ठरवली. मग कव्हर घालून यंत्र पुन्हा तोललं. मग दुकानदार म्हणाला, “गुरुजी, मागं शेंगदाणेवाली उभी आहे.”

दुसरा रकाना पाण्याचा. महागडी मॉडेलं दोन मीटर गोड्या पाण्यात तासभर टिकतात, असं कंपनी सांगते. गुरुजींनी जाहिरात दोनदा वाचली, चष्मा पुसला आणि पुढे लिहिलं : “मे महिन्यात दोन मीटर पाणी आणायचं कुठून?” या सोयीला त्यांनी शून्य गुण दिले. पाबळच्या विहिरी ज्यांनी उन्हाळ्यात पाहिल्यात त्यांना हे अन्यायाचं वाटणार नाही.

उजेडाचा रकाना सर्वांत अवघड. शेतीची वीज रात्रपाळीला आली की गुरुजी कांद्याला पाणी द्यायला मोटरीपाशी बसतात. चार तास मोकळे, वाचायला याहून चांगली वेळ नाही. पण शिरूर, आंबेगाव, खेड, जुन्नर या सगळ्या पट्ट्यात बिबट्याचा वावर. दिवा असलेलं यंत्र घ्यावं तर आपण बिबट्याला दिसतो. बिनदिव्याचं घ्यावं तर बिबट्या आपल्याला दिसत नाही. हा रकाना अजून मोकळा आहे.

मराठीचा रकाना ते लाल शाईने भरतात. इथे त्यांच्यातला मास्तर जागा होतो. यंत्र हातात आलं की आधी ‘वाङ्मय’, ‘उच्छृंखल’, मग ‘तऱ्हा’, ‘वाऱ्यावर’, ‘दऱ्याखोऱ्यांत’ हे शब्द उघडून बघायचे. हिंदीचा विचार करून बनवलेल्या कितीतरी टंकांना आपला ‘ऱ्ह’ पेलत नाही. अर्धा र एकीकडे आणि पाय मोडल्याची खूण दुसरीकडे पडते. तिथे मॉडेल नापास. पीडीएफ उघडली तर आणखी एक पेपर. ई साहित्य प्रतिष्ठानची मराठी पुस्तकं फुकट मिळतात, पण पीडीएफचं पान सहा इंचांत बसवलं की अक्षर दिसत नाही, मोठं केलं की पान इकडून तिकडे सरकवावं लागतं. “ओळीच्या उजव्या टोकाला क्रियापदापाशी पोचेपर्यंत कर्ता विसरतो,” गुरुजींचा शेरा. पुण्याच्या बुकगंगाची ई-पुस्तकं वाचायची तर त्यांचं ॲप लागतं, ते किंडलवर चालत नाही. मग अँड्रॉइडवर चालणारं ‘बूक्स’ नावाचं ई-रीडर बघायचं. ते बघितलं की किंमत दिसते. किंमत दिसली की पुन्हा अनुक्रमांक एकपासून सुरुवात.

काकू हे सगळं चुलीपुढून ऐकत असतात. एकदा म्हणाल्या, “मला बघायला आलता तवा पोह्याची बशी रिकामी व्हायच्या आत हो म्हणालात. तवा कुठं गेलती ही चौकशी?”

गुरुजी वहीतून मान वर न करता म्हणाले, “तेव्हा मॉडेल एकच दाखवलं होतं.”

“मला तर तेवढंबी दाखवलं न्हवतं,” काकू म्हणाल्या. त्या दिवशी दुसरा चहा झाला नाही.

यंत्राच्या पोटात काय चालतं ते मात्र गुरुजींनी गावाला छान समजावून दिलंय. पडद्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक कुप्या असतात, कुप्यांत पांढरे-काळे कण. विजेच्या इशाऱ्याने पांढरे वर आले की कागद, काळे वर आले की अक्षर. मोटर बंद केल्यावरही वाफ्यातलं पाणी वाफ्यातच राहावं, तसं पान उलटल्यावर वीज थांबली तरी अक्षर जागेवर राहतं. म्हणून बॅटरी आठवडे पुरते. ही शाई अमेरिकेत एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये जन्मली आणि तिची कंपनी १९९७ साली निघाली. आता गुरुजींची मान ताठ होते, कारण डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पाबळला सुरू केलेल्या विज्ञान आश्रमात २००२ साली फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची कार्यशाळा, आली ती त्याच एमआयटीच्या सहकार्याने, आणि अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्यांतली. म्हणजे शाई पाहुण्यांकडचीच. “सोयरिकीतला माल आहे,” ते म्हणतात, “नाव ठेवायचा आपल्याला हक्क आहे.”

या सोयरिकीच्या जोरावर त्यांनी आश्रमातल्या पोरांकडून लेझरने प्लायवूड कापून ई-रीडरसाठी घडीचं स्टँड करून घेतलं. पारायणाला ज्ञानेश्वरी ठेवतात त्या धर्तीचं, पण एसटीच्या पुढच्या सीटच्या दांडीला अडकणारं. मॉडेल ठरलेलं नसल्यामुळे सहा, सात आणि आठ इंचांच्या खाचा ठेवल्या. बाजारात तुरी म्हणतात ती हीच. चंदनापुरी घाटात ते स्टँड रिकामं हलताना कंडक्टरने बघितलं आणि आदराने विचारलं, “देव घरी राहिला का, गुरुजी?”

गुरुजी एवढं करूनही वाचतात कुठे, हा प्रश्न मला बरेच दिवस होता. उत्तर वहीतच होतं. त्यांच्या सल्ल्याने जो कुणी यंत्र घेतो, त्याने ते ‘तपासणीला’ ओट्यावर आणून ठेवायचं, असा अलिखित नियम आहे. तपासणी आठ दिवस चालते, कादंबरी जाडी असेल तर पंधरा. मालकाने जे भरून ठेवलं असेल ते गुरुजी वाचतात. भाच्याच्या यंत्रात स्पर्धा परीक्षेचं सामान्यज्ञान होतं, ते संपवलं. आश्रमातल्या एका पोराकडे बायोगॅस आणि शेळीपालन होतं, तेही संपवलं, वर गोठ्यात जाऊन दोन सुधारणा केल्या. नाशिकच्या नातीकडे इंग्रजी प्रेमकथा होत्या. त्याबद्दल वहीत फक्त “बॅटरी उत्तम” एवढंच आहे. यंत्राच्या दोषांचा जो रकाना आहे त्यात हळूहळू पुस्तकांचे दोष उतरू लागले. अनुक्रमांक ७ पुढे लिहिलंय : “बटण घट्ट. मधला भाग रेंगाळतो. नायकाला कष्टाची सवय नाही.”

रांजणगावच्या एमआयडीसीत लागलेल्या एका जुन्या विद्यार्थ्याने बोनसमधून किंडल घेतलं आणि रिवाजाप्रमाणे ओट्यावर ठेवलं. परत मिळाल्यावर त्याने कंपनीच्या बसमध्ये आपली रहस्यकथा पहिल्यांदाच उघडली, तर पुस्तक थेट शेवटच्या पानावर उघडलं. मागे जाऊन बघतो तो छपाईच्या प्रत्येक चुकीवर खूण. शेवटी इंग्रजीत टिपण : ‘सीन’, आणि खाली तारीख. पोराने घाबरून आधी स्वतःची हजेरी आठवली.

रविवारी तो ओट्यावर आला. तक्रार करायची हिंमत होईना, म्हणून दुसराच विषय काढला. २०२४ मध्ये कोबो या कंपनीने आणि किंडलने रंगीत शाईची यंत्रं काढली, हे विकून तसलं मागवावं का? गुरुजींनी वही उघडली. रंगीत भागाची बारीकी निम्मी होते, इंचाला तीनशे ठिपक्यांऐवजी दीडशे. पण नकाशे बरे दिसतील, दिवाळी अंकांची मुखपृष्ठं दिसतील, शेळ्यांच्या जाती रंगावरून ओळखता येतील. बराच वेळ त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली, काढली, पुन्हा ठेवली.

“गुरुजी, घेऊ का थांबू?”

“तू घे,” गुरुजी म्हणाले. “मी थांबतो.”