शांत दिसतंय ना?

सॉल्ट लेक सिटीतले आमचे शेजारी हिवाळ्यात पहाटे तीनला उठतात आणि रात्रीतून किती बर्फ पडला ते अंगणात पट्टी रोवून बघतात. माझ्या आईने त्यांचं नाव 'तोफवाले' ठेवलंय, आणि ते अगदी चपखल आहे. आल्टाच्या स्की-डोंगरावर गस्ती पथकात त्यांची हयात गेली. काम एकच: लोक वर पोचायच्या आत बर्फाचे कडे मुद्दाम पाडायचे.

तिथे १९४० च्या दशकाच्या अखेरीस माँटी ॲटवॉटर या वनखात्याच्या माणसाने लष्करी तोफ आणून उतारांवर गोळे डागले होते. त्याचं नाव घेताना तोफवाले हातातला कप खाली ठेवतात. हाताने टाकायचे सुरुंग होतेच, पुढे प्रोपेन-ऑक्सिजनचा धमाका करणारी नळकांडी आली, बटण दाबलं की सुरुंग खाली सोडणारे मनोरे आले. ते बटण मात्र त्यांना पसंत नाही. त्यांची पसंती वात पेटवून नव्वद सेकंदांत पाय काढण्याला. सुरुंग बर्फात पुरायचा नाही, बांबूच्या टोकाला बांधून वर धरायचा, म्हणजे हवेचा दणका लांबवर बसतो, हे तर त्यांनी आईलासुद्धा शिकवलंय. तिला कुठे लागणार, देव जाणे!

सिनेमात कुणी ओरडलं आणि कडा कोसळला, की ते भडकतात. "ओरडून पडला असता, तर आमचा पगार गवयांना दिला असता!"

बर्फ चाचपायची त्यांची रीत अशी: तीस सेंटिमीटरचा चौकोनी खांब कोरायचा, वर फावडं ठेवायचं आणि थापा मारायच्या. दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. कितव्या थापेला थर निसटतो, यावर सगळं ठरतं. ही थाप त्यांच्या हातात इतकी मुरलीय, की सॉसच्या बाटलीलाही ते मनगटापासूनच सुरुवात करतात. मुलीच्या वाढदिवसाला केक कापला, तर हे वाकून कापलेली बाजू निरखत बसले. मधल्या जॅमच्या रेघेवर बोट ठेवून म्हणाले, "दुबळा थर." मग ताटली तिरकी केली. वरचा मजला क्रीमसकट टेबलावर! मुलगी रडली, तोफवाले मात्र समाधानाने म्हणाले, "बघ, आपल्या वेळेला पडला."

"शांत दिसतंय ना? तेच वाईट," हे त्यांचं पालुपद. झोपलेल्या कुत्र्याला बघून म्हणतात, व्याह्यांना बघून म्हणतात. सुरुंग फुटला आणि उतार जागचा हलला नाही, की त्यांना दिवसभर जेवण जात नसे. पडला तर निकाल लागला. नाही पडला, तर उतार मजबूत आहे की नुसता रुसून बसलाय, हे कसं कळणार? सांगलीचे माझे मामा असेच. घरात दोन दिवस भांडण झालं नाही, की "काय बिनसलंय?" असं विचारत फिरतात, ते खरंच बिनसेपर्यंत.

तोफवाल्यांचं संसाराचं धोरणही तेच. मोठं साचू द्यायचं नाही, छोटं छोटं पाडून टाकायचं. दर शुक्रवारी ते बायकोशी एक भांडण काढतात, बिलावरून नाहीतर मेहुण्यावरून. आईने न राहवून बाईंना विचारलं, "तुम्ही सहन कशा करता हो?"

बाई म्हणाल्या, "मी गुरुवारीच उडवून देते."